जुनी टर्बो गाडी आणि कधीच न फाटलेलं बिल

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण घरात कुणी जुनी डिझेल गाडी घ्यायच्या विचारात असेल तर शेवटपर्यंत वाचा. पाच-दहा मिनिटं जातील, पण कदाचित पाच आकडी रक्कम वाचेल.

आमच्या तालुक्यातल्या एका तरुणाची गोष्ट. नाव-गाव लिहीत नाही, कारण हीच गोष्ट थोड्याफार फरकाने जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात सापडेल. किनाऱ्यावर दोन खोल्यांचं होमस्टे. सामान आणायला, आईला दवाखान्यात न्यायला गाडी हवी. पतपेढीचं कर्ज काढलं आणि परजिल्ह्यातल्या एका विक्रेत्याकडून जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली. विक्रेत्याचं ठरलेलं वाक्य, "एकाच मालकाची, डॉक्टरांची गाडी आहे, इंजिनला हात लावायची गरज नाही."

दुसऱ्याच महिन्यात घाट चढताना गाडीची ताकद गेली. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला, मागे निळा धूर. गॅरेजवाल्याने सांगितलं, टर्बो गेला. टर्बो बदलला. "नवा टाकलाय" म्हणून पैसे घेतले, बिल दिलं नाही. तीन महिन्यांत तोही गेला. मग दुसऱ्या मेकॅनिकने इंजिनची खालची तेलाची टाकी, म्हणजे चेंबर, उतरवून बघितलं. आत तेल कसलं, काळा लगदा. तेल ओढणारी जाळी अर्धी बुजलेली, टर्बोकडे तेल नेणारी बारीक नळी जवळजवळ बंद. म्हणजे पहिला टर्बो ज्या कारणाने मेला, ते कारण तसंच ठेवून त्यावर दुसरा बसवला होता. आणि दुसरा नवा नव्हताच, दुरुस्त केलेला होता.

आता दाद कुणाकडे मागायची? हातात कागदच नाही. विक्रेत्याचा नाही, आधीच्या सर्व्हिसचा नाही, गॅरेजचा नाही.

माझं म्हणणं या शेवटच्या वाक्यापाशी आहे. जुन्या टर्बो गाडीचा सगळ्यात महागडा बिघाड इंजिनात नसतो, तो कागदाच्या अभावात असतो. आणि तो बिघाड आपण सगळ्यांनी मिळून तयार केलाय. विकणाऱ्याने, गॅरेजवाल्याने, सरकारी यंत्रणेने आणि आपण गिऱ्हाइकांनीही.

आधी, या गाड्या एवढ्या येतात कुठून?

२००७ साली डिझेल स्विफ्ट आली आणि आपल्याकडे छोट्या टर्बो डिझेलचं युग सुरू झालं. तिच्यातलं १.३ लिटरचं इंजिन मूळ फियाटचं, मल्टिजेट. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. फियाट-टाटाचं इंजिन आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावात बनायचं. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया, अर्टिगा, सगळ्यांत तेच घराणं. लोक गमतीने त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. मग १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. बाकीच्यांनीही छोट्या गाड्यांतून डिझेल काढत आणलं. एखाददुसरा अपवाद सोडला तर स्वस्तातली छोटी डिझेल गाडी आता फक्त जुनीच मिळते.

त्यात दिल्लीची भर. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली. १ जुलै २०२५ ला तर तिथल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन बंद झालं, ते दोनचार दिवसांत मागे घ्यावं लागलं. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणावरून सक्तीची कारवाई नको असा अंतरिम आदेश दिला. या सगळ्या वर्षांत तिकडच्या मालकांनी चालत्या गाड्या मिळेल त्या भावात काढल्या आणि त्या ना-हरकत घेऊन इतर राज्यांत पांगल्या. यात बेकायदा काही नाही. पण गाडीसोबत तिचा इतिहास येत नाही, तो दिल्लीतच राहतो.

पुरातल्या गाड्यांचंही तसंच. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगली बुडालं, २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. तेव्हा बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात गेल्या असतील असं समजू नका. धुऊन, पुसून, सीटकव्हर बदलून एखादी आपल्या दारातही येऊ शकते.

काही जण म्हणतील, मग जुनी गाडी घेताच कशाला? सोपं आहे म्हणायला. मालवणला रेल्वे नाही. कुडाळ किंवा कणकवली गाठायला रस्ताच. रात्री पेशंट सिरियस झाला तर आजही आपली माणसं बांबोळीचा रस्ता धरतात, म्हणजे शंभरावर किलोमीटर. नवी गाडी प्रत्येकाला झेपत नाही. जुनी गाडी घेणं हा मूर्खपणा नाही, आपल्या जिल्ह्यात ती गरज आहे. म्हणूनच ती रात्री दीड वाजता बांद्याच्या पुढे बंद पडणं हा नुसता खर्चाचा प्रश्न राहत नाही.

आता टर्बोबद्दल. साध्या भाषेत सांगतो, कारण हे कळलं की निम्मी फसवणूक टळते.

इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून छोट्या इंजिनातून ताकद जास्त. हे चक्र मिनिटाला लाखावर फेरे घेतं. एवढ्या वेगात तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल स्वच्छ आणि वेळेवर पोचलं तर टर्बो दोन लाख किलोमीटरही काढतो. तेल घाण झालं, कमी पडलं की खेळ खलास.

कसालकडचे एक जुने मेकॅनिक आहेत, त्यांचं वाक्य मी कायम सांगतो, "टर्बो आपणान मरना नाय रे, तेका मारतत."

कसा मारतात? तेल वेळेवर न बदलून. स्वस्तातलं, भलत्या ग्रेडचं तेल टाकून. आंबोली किंवा फोंडा घाट चढून आल्या आल्या झटकन चावी बंद करून. टर्बो तापलेला असतो आणि तेल एकदम थांबतं. एखादं मिनिट इंजिन चालू ठेवून मग बंद करायला काय जातं? आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे चाकरमान्यांची गाडी. वर्षातून दोनदा, गणपतीला आणि मे महिन्यात चालते, बाकी वेळ खळ्यात उभी. किलोमीटर कमी म्हणून आपण खूश. पण उभ्या गाडीचंही तेल म्हातारं होतं, खाऱ्या दमट हवेत अर्थिंगचे जोड गंजतात, काही टर्बोंच्या आतली हलती पाती काजळी-गंजाने अडकतात आणि वायरिंग उंदरांच्या ताब्यात जातं. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज आपल्या किनाऱ्यावर तरी सोडा.

पण उलट बाजूही आहे. ताकद गेली म्हणजे टर्बो गेला, असं अजिबात नाही. टर्बोतून इंजिनात हवा नेणारा रबरी पाइप चिरला, त्याची क्लिप सैल झाली, टर्बोला हुकूम देणारी बोटभर व्हॅक्यूमची नळी फुटली, ईजीआर काजळीने भरला, तरी लक्षणं जवळजवळ तीच. यातली काही कामं शे-दोनशे रुपयांत होतात. टर्बो म्हटलं की हिशेब पाच आकडी.

आणखी एक गंमत. इंजिनच्या रिंगा झिजल्या की खालच्या पेटीत दाब वाढतो आणि टर्बोतलं तेल परत खाली उतरू शकत नाही. ते मग सीलमधून बाहेर येतं. दिसताना दिसतं टर्बो तेल गाळतोय. खरा आजारी असतो इंजिन. असा टर्बो कितीही वेळा बदला, तेल येतच राहणार.

म्हणजे अवघड काम पार्ट बदलायचं नसून निदान करायचं आहे. आणि इथेच आपण गिऱ्हाइकं चुकतो. डॉक्टरला नुसतं तपासायचे पैसे आपण देतो. मेकॅनिकने दोन तास घालवून "काही नाही, पाइप चिरलाय" सांगितलं आणि तपासणीचे पाचशे मागितले की आपण म्हणतो, "बघूचे कसले पैसे?" बघायचे पैसे मिळत नाहीत म्हटल्यावर तो कमावणार कशातून? पार्टमधून. मग पार्ट बदलला जातो. माझ्या बघण्यातले कितीतरी मेकॅनिक प्रामाणिक आणि हुशार आहेत, कानाने इंजिन ओळखणारे. त्यांच्या ज्ञानाला आपण शून्य रुपये देतो आणि डब्यातल्या पार्टला वीस हजार. हे बदलायला हवं.

गाडी घेताना काय बघायचं, थोडक्यात:

१. विक्रेत्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नको. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करून बघा. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर विचारा का.

२. धूर बघा. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा सकाळी थोडा वेळ असेल तर ठीक, थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल तर सांभाळा.

३. इंजिन चालू असताना तेल ओतायचं झाकण उघडा. भातुकलीच्या आगगाडीसारखा भकभक धूर येत असेल तर रिंगांचा संशय घ्या. झाकणाच्या आत लगदा दिसला तर तेलाचा इतिहास कळला.

४. सपाट रस्त्यावर चक्कर मारून परत येऊ नका. खऱ्या चढावर न्या. टर्बोची ओढ साधारण दोन हजार फेऱ्यांच्या आसपास जाणवली पाहिजे. ओढ नसेल किंवा शिट्टीचा आवाज वाढत असेल तर तिथेच थांबा.

५. सर्व्हिसचा रेकॉर्ड मागा. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी जात असेल तर मालकाला सोबत घेऊन तिथे जुन्या नोंदी बघता येतात. मीटरवर साठ हजार आणि चार वर्षांपूर्वीच्या नोंदीत नव्वद हजार, असंही निघू शकतं.

६. पीयूसी आहे म्हणजे इंजिन चांगलं, असं नाही. त्यात फक्त धूर मोजतात. आणि साध्या विम्यात यांत्रिक बिघाड येत नाही.

एक जिवाची गोष्टही लिहून ठेवतो. टर्बोचं सील पूर्ण फुटलं की डिझेल इंजिन कधी कधी स्वतःचंच तेल ओढून जाळायला लागतं. रेस आपोआप वाढत जाते, पांढरा-निळा धूर कोंडतो आणि चावी काढली तरी इंजिन थांबत नाही. अशा वेळी बॉनेट उघडून हात घालायला जाऊ नका. गिअरची गाडी असेल तर ब्रेक दाबून धरा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन गळाठवा. जमत नसेल तर गाडीतून उतरा, लांब व्हा. गाडी गेली तर गेली.

आता कागदाकडे येतो, कारण हा विषय फक्त मेकॅनिकचा नाही.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केला, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्या विक्रेत्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं. मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की तशी ऑनलाइन सूचना आरटीओला द्यायची. त्यानंतर गाडीची जबाबदारी विक्रेत्याची. किती जणांनी गाडी घेताना "तुमचं अधिकारपत्र दाखवा" असं विचारलंय? हात वर करा.

विकणाऱ्यांनीही ऐका. गाडी दिली, पैसे घेतले, सह्या करून मोकळे झालो, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तर नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक. गाडी चार हात फिरली असली तरी. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. परराज्यातली गाडी बारा महिन्यांच्या वर इथे राहिली तर इथला नंबर घ्यावा लागतो, टॅक्सचा हिशेब वेगळा. गोव्याच्या गाडीची कमी किंमत बघून उड्या मारणाऱ्यांनी हा खर्च आधी जोडून बघावा.

आणि बिल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचा. वस्तू किंवा सेवा दिल्यावर बिल न देणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. दुरुस्त केलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणं, हीसुद्धा. म्हणजे वरच्या गोष्टीतल्या तरुणाच्या बाबतीत दोन्ही घडलं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. हेल्पलाइनचा नंबर १९१५. फक्त एक लक्षात ठेवा, शेजाऱ्याकडून खासगीत गाडी घेतली तर हा मार्ग सहसा चालत नाही. विक्रेता किंवा गॅरेज असेल तरच.

पण आयोगापुढे ठेवायला कागद लागतो. आणि आपण काय करतो? "बिल फाडलं तर जीएसटी लागेल" म्हटलं की गप्प बसतो. वाचवलेल्या त्या पैशांत आपण आपला हक्क विकतो. लहान गॅरेजवाला जीएसटीत येतही नसेल, तरी साध्या बिलबुकावर लिहून द्यायला कुणी अडवलेलं नाही. तारीख, किलोमीटर, तेलाचा ग्रेड, टाकलेला पार्ट नवा की दुरुस्त केलेला, किती दिवसांची हमी. पाच ओळी. यात प्रामाणिक मेकॅनिकचाही फायदा आहे, उद्या दुसऱ्याने गाडीची वाट लावली तर याच्यावर नाव येणार नाही.

माझ्या तीन मागण्या आहेत, आणि तिन्ही जिल्ह्यातच पूर्ण होण्यासारख्या आहेत.

पहिली, ओरोसच्या आरटीओ कार्यालयाने जिल्ह्यातल्या अधिकारपत्र असलेल्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांची यादी दर्शनी भागात लावावी आणि दर महिन्याला ताजी करावी. यादीत नाव नसलेल्याकडे लोक जाणार नाहीत, आपोआप बाकीचे रांगेत येतील.

दुसरी, मालवणला शासकीय तंत्रनिकेतन आहे, जिल्ह्यात आयटीआय आहेत. तिथे आठवड्यातून एक दिवस ठरावीक फी घेऊन जुन्या गाडीची तपासणी व्हावी. लागतं काय? स्कॅनर, कम्प्रेशन गेज, बूस्टचा दाब मोजायचं गेज आणि एक शिकवणारा माणूस. मुलांना खऱ्या गाडीवर हात बसेल, गिऱ्हाइकाला विक्रेत्याच्या बाहेरचा त्रयस्थ अहवाल मिळेल. आणि आपल्या गावातल्या अनुभवी मेकॅनिकना मानधन देऊन तिथे शिकवायला बोलवा. कानाने इंजिन ओळखणं पुस्तकात मिळत नाही.

तिसरी, पतपेढ्या आणि बँकांनी जुन्या गाडीचं कर्ज देताना असा तपासणी अहवाल मागावा. सोन्यावर कर्ज देताना सोनार बोलावता ना? मग गाडीवर देताना मेकॅनिक का नको? गाडी खळ्यात बंद पडली की हप्ताही बंद पडतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

जुनी गाडी वाईट नसते. नीट तेल-पाणी केलेलं ते १.३ चं इंजिन आजही आपल्या घाटात नव्या गाड्यांना ऐकत नाही. वाईट असतं ते अंधारात घेणं आणि अंधारात दुरुस्त करणं.

गॅरेजवाल्या मित्रांनो, तुमचा तपासणीचा दर काय असावा ते खाली लिहा, मनात राग न ठेवता. ज्यांना बिल मिळालं आणि त्यामुळे पैसे परत मिळाले, त्यांनीही लिहा. आणि उद्या गाडी गॅरेजला लावणार असाल तर निघताना एवढंच म्हणा, "भाऊ, बघूचे पैसे घे, पण लिवन दी."